परतीच्या रांगेतली गाडी

ती. आईस धाकटीचा वाकून नमस्कार,

मी बरी आहे, वेळेवर जेवते. तुझे गुडघे कसे आहेत?

दादाला शोधत, गाडी एका बोटीतून दुसऱ्या बोटीत चढवत, शेवटच्या बेटावर पोचले. इथून पुढे बोटच नाही.

आई, त्याची गाडी सापडली! धक्क्यावर परतीच्या रांगेत उभी आहे, सगळ्यात पुढे. म्हणजे घरीच यायला निघाला होता गं तो! सीटवर तुझ्यासाठी घेतलेली शालसुद्धा आहे. काचांवर मात्र कित्येक महिन्यांच्या खाऱ्या वाऱ्याने मिठाचा जाड थर चढलाय.

मी माझी गाडी त्याच्या मागेच लावलीय. तिकीटवाला ओरडतो, "ताई, बोट सुटतेय, बाजूने पुढे व्हा!" म्हटलं, खुशाल सुटू दे. दादाचा नंबर आधी आहे.

बाबांना गाडी सापडल्याचं सांग. मिठाचं सांगू नकोस.

तुझीच,
धाकटी