गाडीच्या पत्र्यात दिसलेले बाबा

बाबा, परवा तुम्ही मला एका पिवळ्या स्पोर्ट्स कारच्या दारात दिसलात. दारात म्हणजे दाराच्या पत्र्यात. त्याला पॉलिशच इतकं असतं की समोरचं सगळं त्यात वाकडंतिकडं होऊन उतरतं. तुम्ही गेलात तेव्हा मी कॉलेजात होते, आणि ही मुलगी पुढे काय करणार हे घरात कुणालाच माहीत नव्हतं, मलाही नव्हतं. आता मी गाड्यांचे फोटो काढते. मोटरसायकली आणि स्पोर्ट्स कार, दुसरं काही नाही. लग्नांचे फोटो काढ, असं सांगून सांगून सगळे दमले. तुमची दोन वेडं मी उचलली, इंजिनाचं आणि कॅमेऱ्याचं, आणि दोन्ही एकाच ताटात वाढून घेतली.

माझे फोटो साफ करून देणारा एक सहकारी इथे दिल्लीतल्या द्वारकेला राहतो. पत्र्यात उमटलेले विजेचे खांब, झाडं, मी स्वतः, हे सगळं पुसणं हे त्याचं काम. परवा त्याचा फोन आला. "दीदी, वो अंकल फिर आ गए. हटा दूँ ना, हमेशा की तरह?" मी विचारलं, कौन अंकल? तर म्हणाला, "अरे वही, स्लेटी सफारी सूट, हाथ में हेलमेट. मुझे लगा आपके साथ ही आते हैं शूट पे." तो इतकी वर्षं तुम्हाला पुसत होता, आणि ते मला सांगण्यासारखं काही आहे असं त्याला कधी वाटलंच नाही. मी त्याला म्हटलं, हात लावू नकोस, आहे तसा फोटो पाठव.

पिवळ्या पत्र्यात मी आहे, काळ्या कपड्यांत, कॅमेऱ्यामागे वाकलेली. माझ्या डाव्या खांद्यामागे तुम्ही, त्याच करड्या सफारीत. चेहरा दाराच्या वळणावर ओढला गेलाय, नाक कुठे नि डोळे कुठे, पण एक पाय मोकळा सोडून दुसऱ्यावर भार देऊन उभं राहायची तुमची तऱ्हा मी हजारांत ओळखेन. ग्रेटर नोएडाच्या पुढचं ते शूटचं मैदान ताटासारखं सपाट होतं. माझ्यामागे कुणी नव्हतं. सकाळपासून मानेवर कुणीतरी श्वास सोडतंय असं वाटत होतं, आणि वारा असेल म्हणून मी ते सोडून दिलं होतं.

रविवारी सकाळी आपण मयूर विहारहून मोटरसायकलवर चाणक्यपुरीला जायचो ते आठवतं? मी मागे, कॅमेऱ्याची पिशवी पोटाशी धरून. वकिलातींबाहेर परदेशी गाड्या उभ्या असायच्या आणि तुम्ही त्यांच्याभोवती देवळात घालावी तशी प्रदक्षिणा घालायचात. एकदा एका पोलिसानं हटकलं, "भाई साहब, आपकी गाड़ी है?" आणि तुम्ही अगदी गंभीर चेहऱ्यानं म्हणालात, "नहीं जी, इसीलिए तो फोटो." तो पोलीसही हसला. मग पत्र्यात आपण उतरू नये म्हणून तुम्ही आईच्या मोडक्या छत्रीचं काळं कापड डोक्यावरून घ्यायचात, कॅमेऱ्यासकट त्यात गडप व्हायचात, आणि मी हसून हसून बेजार व्हायची. तुमचं पाहून एकदा मीही एका मोटरसायकलच्या चकचकीत टाकीचा फोटो काढला. तो धुवून आला तर टाकीभर माझा फ्रॉक. तुम्ही चिडलात. "फोटो गाडीचा आहे. आपण त्यात दिसायचं नाही, कळलं?" मला रडू आलं होतं.

हे न दिसणं तुम्ही इतकं मनावर घेतलंत की तुम्ही गेल्यावर भिंतीवर लावायला फोटो मिळेना. कपाटात गाड्याच गाड्या. शेवटी ऑफिसच्या ओळखपत्रावरचा टिकलीएवढा फोटो मोठा करून आणला, आणि तो इतका फुटला की त्यात तुम्ही काय, कुणीही असू शकता. मला खूप राग आला होता तुमचा. अजूनही येतो. रोज त्या ठिपक्यांकडे बघून बघून तुमचा खरा चेहरा मी विसरले आहे.

म्हणून मी जुने मूळ फोटो काढून बसले. सुरुवातीच्या एका काळ्या कारच्या दारात तुम्ही आहात, लांब, रस्त्याकडेच्या मैलाच्या दगडाएवढे. नंतरच्या मोटरसायकलच्या टाकीत थोडे मोठे. मग आणखी जवळ. पानिपतच्या हायवेवर मी पळत्या मोटरसायकलचा एक फोटो काढला होता. गाडी पळते तसा कॅमेरा तिच्याबरोबर फिरवायचा, म्हणजे गाडी ठसठशीत येते आणि मागचं सगळं पुसट, हे तुम्हीच शिकवलेलं. त्या फोटोत झाडं, ढाबा, माणसं, सगळं फराटे होऊन गेलंय आणि त्यामध्ये, गाडीच्या पलीकडे, तुम्ही तेवढे स्पष्ट आहात. सुटाचं बटण दिसतंय. जो एका जागी उभा असतो तो अशा फोटोत पुसट येतो, बाबा. म्हणजे तुम्ही एका जागी उभे नव्हता. चेहरा दुसरीकडे वळवून, पाय न हलवता, तुम्ही गाडीच्या वेगानं येत होता.

मी ते सगळं घेऊन आईकडे गेले. ती स्वयंपाकघरात मटार सोलत होती. तिनं चष्मा लावून एकेक फोटो पाहिला आणि म्हणाली, "बारीक झालेत." मग पुन्हा सोलायला लागली. थोड्या वेळानं तिनं विचारलं, "त्या दिवशी निघताना काय म्हणाले होते गं?"

"येतो म्हणाले."

"आणि तू?"

आपल्यात निघणारा जातो म्हणत नाही, येतो म्हणतो, आणि घरातल्यानं 'या' म्हणायचं. दिल्लीत वाढलेल्या माझ्या तोंडात ते कधी बसलं नाही. मी आपली "अच्छा, जा बाबा" म्हणायची. मग तुम्ही हेल्मेट घेऊन दारातच थांबायचात आणि मी 'या' म्हटल्याशिवाय जिना उतरायचा नाहीत. शेजारच्या आंटींना मोठी गंमत वाटायची, जाते जाते बोलते हैं आता हूँ. पण त्या दिवशी मी कुणी न सांगता, पुस्तकातून मान वर न करता, नीट 'या' म्हणाले होते. दुपारी तुमच्या ऑफिसातून फोन आला. टेबलाशी बसल्या बसल्याच सगळं संपलं होतं.

"मग येतायत," आई म्हणाली. "तू बोलावलंस, ते येतायत."

"आई, काहीही बोलू नकोस यार."

"काहीही नाही. हा हात बघ." पिवळ्या कारच्या फोटोवर तिनं बोट ठेवलं. तुमचा रिकामा हात वर उचललेला आहे आणि माझ्या खांद्यापासून जेमतेम वीतभर लांब आहे. हे मला दिसलं नव्हतं. "आता याच्या पुढे कुठे येणार? त्यांना लिहून कळव, म्हणावं आता येऊ नका. तुझं ऐकतील. तुझंच ऐकायचे." मटाराचे दाणे खाली सांडले, ते तिनं उचललेही नाहीत.

उद्या सकाळी गुरुग्रामच्या पुढे एका लाल कारचं काम आहे. मला भीती वाटते, बाबा. तुम्ही माझं काम बघायला येताय की मला न्यायला, हे मला कळत नाही, आणि तुमची भीती वाटावी याचीच लाज वाटते. काम रद्द करायला मी फोन हातात घेतला होता. पण त्या कारचं दार मी बघून आले आहे. त्याला वळण नाही. आरशासारखं सरळ आहे. त्यात जे उतरेल ते वाकडं होणार नाही, नाक नाकाच्या जागी नि डोळे डोळ्यांच्या जागी येतील. तुमचा चेहरा मला पुन्हा बघायला मिळेल. खांद्यावर हात पडलाच तर तोही मला त्याच दारात दिसेल.

हे पत्र टाकायला कुठे पत्ता नाही, ते आईलाही ठाऊक आहे. लिहिलं की पोचतं, असं ती म्हणते. आताच तिनं आतून विचारलं, "लिहिलंस का ते, येऊ नका म्हणून?" मी हो म्हणाले. मी तुम्हाला तसं काही लिहिलेलं नाही.