बायकोला वळण लावण्याचे तीन आठवडे

३ मार्च, सकाळी
डॉक्टरीणबाईंनी बायकोला एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकण्याचा विकार, असल्याचं सांगितलं. वय वर्षं एक्केचाळीस! हे शाळेतल्या मुलांना असतं. शिवाय ही डेंटल लॅबमध्ये कवळ्या बनवते. एकेका दातापायी तीन-तीन तास मान वर करत नाही. लक्ष नसणारी बाई अशी असते का? निदान साफ चुकलंय. खरं निदान: वळण नाही. ते मी लावीन. तीन आठवडे पुरेत.

४ मार्च
स्वयंपाकघरात व्हाइटबोर्ड लावला. चौदा सूचना, तीन रंगांत. गॅस बंद. नळ बंद. कपाट बंद. दुसऱ्याचं वाक्य संपेपर्यंत तोंड बंद. तिने उभ्या उभ्या सगळं वाचलं. “अक्षर छान आहे,” म्हणाली. सुरुवात उत्तम.

७ मार्च, दुपारी
दूध उतू गेलं. बोर्डाच्या बरोब्बर खाली!
मेहुणी फोनवर म्हणते, तिला कळतं सगळं, पण ऐन वेळी निसटतं. ओरडून काही होणार नाही. मी ओरडतच नाही. ठासून सांगतो.

१० मार्च
डॉक्टरीणबाईंनी दोघांना बोलावलं होतं. गेलो नाही. पेशंट मी नाही. ती एकटीच गेली आणि चाळीस मिनिटं उशिरा पोचली. आता बोला! (मी बरोबर असतो तर वेळेत पोचली असती. पण मुद्दा तो नाही.)

१५ मार्च
नवा उपाय: अबोला. ज्याची किंमत मोजावी लागते ते माणूस विसरत नाही, हा माझा सिद्धांत. आज चौथा दिवस.
पहिल्या दिवशी तिने विचारलं, बरं वाटत नाहीये का. दुसऱ्या दिवशी, माझं काही चुकलं का. तिसऱ्या दिवशी स्वतःच चुका सांगत बसली. त्यातल्या निम्म्या मला ठाऊकही नव्हत्या. आज काहीच विचारलं नाही.

१८ मार्च
घर शांत. गॅस बंद, नळ बंद. रात्री उठून दोनदा तपासते. जेवताना शब्द नाही. पद्धत लागू पडली म्हणायची. लोकांना सांगायला हवी.

२१ मार्च
मेहुणीकडे राहायला गेली. एकच बॅग. म्हणाली, “तुझ्यासमोर मी दिवसभर स्वतःवर पहारा देते. दमले रे.” आवाज चढवला नाही. हवापालट होईल, बरंच आहे. काही वाटलं नाही. बराच वेळ बॅगेच्या जागेकडे पाहत होतो.

२४ मार्च, संध्याकाळी
मेहुणीकडे गेलो. आणायला नव्हे, सहज. दार उघडंच होतं. बायको लॅबमधल्या कुठल्याशा म्हातारबुवांची गोष्ट सांगत होती, हातवारे करत, एकीतून दुसरीत शिरत. मेहुणी डोळे पुसत हसत होती. तिला असं बोलताना मी कितीतरी दिवसांत पाहिलं नव्हतं.
मग मी दिसलो. ती थांबली. ओढणी सारखी करून सरळ बसली.
मी म्हटलं, “चालू दे ना. पुढे काय झालं?”
“काही नाही,” म्हणाली. “विसरले.”
मेहुणीने चहा दिला. प्यायलो. घरी आलो.