माझ्याच सहीविरुद्ध माझे वकीलपत्र

मी, ॲड. कुंडलिक भीमराज डोंगरदिवे, वय ७१, माजी आमदार, पैकी अकरा महिने राज्यमंत्री, राहणार नाहूर, मुलुंड (प.), हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवतो. माझी बुद्धी शाबूत आहे. मंत्री असताना ती कुठे होती, याचे उत्तर कलम ३ मध्ये आहे.

१. राहता फ्लॅट पत्नी मीरा हिच्या एकटीच्या मालकीचा राहील. प्रचारात पंधरा वर्षे तिला माझ्याशेजारी उन्हात उभी केली. विचारले एकदाही नाही.

२. मुलगा किरण याला माझी गाडी. माझा फोटो मात्र नाही. त्याला महापालिकेचे तिकीट हवे आहे. परवा म्हणाला, "पप्पा, तुमच्या शोकसभेला गर्दी झाली ना, तर माझं काम होऊन जाईल." सबब शोकसभा घेऊ नये. माझ्या चेहऱ्याचा फ्लेक्स नाक्यावर दिसल्यास गाडीही मीराला जाईल.

३. काळा कोट माझी ज्युनिअर अपूर्वा हिला. त्यामागची हकीकत नोंदवणे भाग आहे. मंत्री असताना नाल्याकाठची बेचाळीस घरे हटवण्याच्या फाइलवर मी सही केली. माझा पीए रतन म्हणाला, "साहेब, वाचत काय बसताय? उद्घाटनाला उशीर होतोय." उद्घाटन सार्वजनिक शौचालयाचे होते. मी फीत कापली. तिकडे जेसीबीने घरे पाडली.

पुढच्या निवडणुकीत डिपॉझिट गेले. राजकारणाशिवाय दुसरे काही येत नव्हते, म्हणून बावन्नाव्या वर्षी मुलांच्या बाकावर बसून वकिली शिकलो. सनद मिळाली आणि महिन्याभरात त्याच वस्तीतल्या सुगंधाबाई पिशवीभर कागद घेऊन आल्या.

"बाई, मला ओळखलंत का?"

"ओळखलं म्हणूनच आले. तुम्ही तोडलंत, आता तुम्हीच मिळवून द्या."

कोर्टात सरकारी वकिलांनी तोच आदेश पुढे केला. न्यायाधीशांनी विचारले, "ही सही कोणाची?"

"माझीच, साहेब."

"मग तुमचं म्हणणं काय?"

"सही करणाऱ्यानं कागद वाचला नव्हता."

सगळे हसले. मला हसू आले नाही. मागे सुगंधाबाई उभ्या होत्या.

दहा वर्षांनी पस्तीस कुटुंबांना मुलुंडला खोल्या मिळाल्या. सुगंधाबाईंना सातवा मजला. त्या आभार मानायला आल्या नाहीत, लिफ्ट बंद असल्याची तक्रार घेऊन आल्या. त्या दिवशी मला पहिल्यांदा आमदार झाल्यासारखे वाटले.

४. गाडीवरचा जुना लाल दिवा आणि सत्काराच्या सर्व शाली रतनला. तो सध्या चौथ्या पक्षात आहे. पाचव्यात जाताना पांघरायला होतील.

५. सात कुटुंबे अजून घराविना आहेत. त्यांना देण्यासारखे माझ्याजवळ काही नाही. त्यांचा दावा अपूर्वाने चालवावा, फी घेऊ नये. पुढची तारीख ९ जुलै आहे. तोवर मी मेलो, तर त्या कारणावर मुदत मागू नये.

ठिकाण: नाहूर
दिनांक: १४ जून २०२५
(सही) कुं. भी. डोंगरदिवे

आम्हा दोघांच्या डोळ्यांदेखत सही केली:
१. डॉ. श्वेता पेडणेकर
२. देवेश घाडीगावकर, सेक्रेटरी, आमची सोसायटी