हिमनदीवरचा तुमचा धोंडा

बाबा, तुमचा धोंडा आता तुम्ही सांगायचात तिथे नाही. परवा दुपारी ऑफिसात बसून मी तो पाहिला. इथे सौदीत, अल खर्जला, एका डेअरीच्या चाऱ्याच्या शेतांची उपग्रहावरून घेतलेली चित्रं बघायची, हे माझं काम. वाळवंटात हिरवी गोल शेतं असतात, कुठल्या गोलात पाणी कमी पडतंय ते रंगावरून ओळखायचं. काम उरकल्यावर तुमचं हिमालयातलं शिखर काढून बघितलं, कारण तुमची नात सध्या तिकडे निघाली आहे. तुम्ही तिला पाहिलं नाहीत. तुम्ही गेल्यावर काही वर्षांनी ती झाली, इथेच वाढली, आता पुण्याला शिकते, आणि हट्टाच्या बाबतीत तुमच्यावर गेली आहे.

शिखर तसंच आहे. खाली दोन हिमनद्या एकमेकींना मिळतात आणि त्यांच्या वर ते एकटं उभं. शेवटचं गाव इतकं मागे राहतं की कोणी तिकडे फिरकत नाही. तुमच्याआधी गोऱ्यांची एक तुकडी उत्तरेच्या धारेवरून माघारी वळली होती. मग बंगालची मंडळी गेली आणि बर्फाच्या भेगांत एक माणूस गमावून परतली. तुमचा गिर्यारोहकांचा क्लब मात्र दोन हिमनद्यांच्या मधल्या दगडगोट्यांच्या पट्ट्यावरून चढला, कारण दोन्ही बाजूंच्या भिंतींवरून सुटणारा बर्फ तिथवर पोचत नव्हता. पट्ट्यावर घराएवढा काळा धोंडा होता आणि त्याच्या आडोशाला तुमचा तंबू. तुमच्यानंतर माथ्यावर कोणी गेलेलं नाही. त्यामुळे नातीच्या तुकडीकडे माहिती आहे ती तुमचीच.

स्वयंपाकघरात परातीत पीठ पसरून तुम्ही ही सगळी मोहीम आम्हाला दाखवायचात. आई भाकरीसाठी खोळंबलेली असते, तुम्ही पिठाच्या मधोमध सुपारी ठेवता आणि म्हणता, "हा धोंडा. याला सोडायचं नाही." मी विचारतो, शाळेच्या पुस्तकात लिहिलंय की हिमनदी सरकते, मग धोंडा नाही का सरकणार? तुम्ही माझ्याकडे असं बघता की माझे कान तापतात. "धोंडा आहे तो, शेळी नाही. पुस्तक लिहिणारा गेला होता का तिथे?" उभा जन्म सह्याद्रीत चढलेला माणूस तुम्ही. तिथला दगड शिवाजी महाराजांच्या वेळी होता तिथेच आजही आहे. दगडाखाली बर्फ असू शकतो, हे तुमच्या मनाला पटलंच नाही.

मी तरी काय वेगळं केलं? तीच परात आणि तीच सुपारी घेऊन तुमची मोहीम मी लेकीला दाखवत राहिलो. लेक लहान असताना आम्ही इथल्याच डोंगराळ भागात, खमीस मुशैतच्या पलीकडे, कड्यावर फिरायला गेलो होतो. खालून धुकं वर आलं आणि पोर दिसेनाशी झाली. तिची आई रडायला लागली. धुकं विरलं तेव्हा पोर एका मोठ्या दगडाला टेकून शांत बसलेली सापडली. म्हणाली, "आजोबा बोले थे ना, धोंडा नहीं छोड़ना." त्या दिवशी मला तुमचा केवढा अभिमान वाटला होता.

चित्रात धोंडा पुष्कळ खाली आलेला आहे. उजव्या भिंतीला टांगलेला बर्फ आता बरोबर त्याच्या डोक्यावर येतो. धोंड्याभोवती पांढरा ढिगारा पंख्यासारखा पसरलाय. आधीच्या चित्रात तो छोटा होता, आताच्या चित्रात मोठा आहे, म्हणजे बर्फ कोसळतोच आहे. आणि पोरं तो धोंडा शोधत चालली आहेत, सापडला की तिथेच तंबू ठोकायला.

त्यांच्याकडे उपग्रहावरून छोटे निरोप घेणारं यंत्र आहे. रोज संध्याकाळी थोडा वेळ चालू करतात. मी कळवलं, धोंड्याजवळ थांबू नका, वरून बर्फ येतोय. तिचं उत्तर आलं, "बाबा, रिलॅक्स. आजोबांची जागा आहे. उद्या पोचतोय." मी ते उत्तर बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "तुझं नाही ऐकायची ती. तिच्या आजोबांचं ऐकेल."

म्हणून मी दुसरा निरोप पाठवला. लिहिलं, की जाण्याआधी आजोबांनी मला जवळ बोलावून सांगितलं होतं, माझं चुकलं, धोंडा हलतो, तिथे कोणाला मुक्काम करू देऊ नकोस. बाबा, तुम्ही असं कधीच म्हणाला नव्हतात. 'माझं चुकलं' हे तर तुम्ही जन्मात कोणाला म्हटलं नाहीत. मी ते तुमच्या तोंडी घातलं, आणि मला त्याची लाज वाटत नाही, फक्त भीती वाटते.

त्यावर तिचं उत्तर अजून आलेलं नाही. ते आल्यावर हे पत्र फाडून टाकीन, तिच्या हाती लागायला नको. तोवर ठेवतो.