नावेतला हात

कलकत्ता
९ जुलै १९७३

तीर्थरूप बाबांना नमस्कार.

दादा-वहिनी मजेत आहेत. मीही बरी आहे. खांदा अधूनमधून दुखतो, पण ते आईला सांगू नका. तिच्या गुडघ्याला उतार पडला का?

तुमचं पत्र मिळालं. हट्ट सोड, पंधरा ऑगस्टला वाईची मंडळी तुला बघायला येणार आहेत, असं लिहिलंत. मी येणार नाही. त्याच आठवड्यात नदीतली पोहण्याची शर्यत आहे.

गेल्या वर्षी मी थकून हरले नव्हते, बाबा. अकरा तास पोहले होते. शेवटचा घाट दिसत होता. मला उलटी झाली तेव्हा सोबतच्या नावेतून दादाने घाबरून हात पुढे केला आणि मी तो धरला. नावेला किंवा नावेतल्या माणसाला शिवलं की पोहणारा बाद होतो. दादाला बोल लावत नाही. हात मीच धरला.

तेव्हापासून रोज पहाटे क्लबच्या तलावात उतरते आणि ओल्या केसांनीच एस्प्लनेडला कचेरीत जाते. आमचे शिक्षक गोरादा काठावरून ओरडतात, "पगली, और दो चक्कर!" वहिनी म्हणते, "अशाने तुला मासाच नवरा मिळेल." मिळू दे. शहाणं माणूस अकरा तास पाण्यात राहत नाही.

यंदा दादाला नावेत घेणार नाही. त्याला बघवत नाही. पण घरचं एक माणूस बसवावंच लागतं. तुम्ही या. कृष्णेच्या डोहात मला पहिल्यांदा तुम्हीच ढकललं होतं. मी बुडते आहे असं वाटलं, तरी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसा.

तुमची,
उज्ज्वला