विनोदसाठी रंगवलेली फौज

१२ जानेवारी, दिग्रस
विनोदनं नागपूरच्या प्रदर्शनात माझे शिशाचे सैनिक मांडले. ऐंशी मराठा स्वार, बोटाच्या पेराएवढे. दोन वर्षं डोळे फोडून रंगवले. पाटीवर नाव त्याचं. दर रविवारी आम्ही दोघं त्याच्याच टेबलावर लढाईचा डाव मांडायचो, म्हणून सैनिकही तिथंच ठेवलेले. फोन केला. म्हणे, "टेबल माझा, डाव माझा. रंग तं कोणीबी मारते."
पुढच्या प्रदर्शनात पाहते त्याले. चारचौघांत.

३ मार्च
यंदा स्वार नाही. फौजेले धान्य पुरवणारे आपले बंजाऱ्यांचे लदेणीचे बैल. विनोद नेहमी हसायचा, लढाईत बैल कायले? काल तांड्यावर गेलती. याडीनं, माझ्या आईनं, तिच्या आजीकडून ऐकलेलं सांगितलं: पुढच्या बैलाच्या कपाळावर कवड्या, गळ्यात घुंगरं. एवढं कोणासाठी करून राह्यली, विचारत होती. मी कवड्यांचं चित्र काढत राह्यली.

१९ मे
शाळेले सुट्ट्या. ऊन असं, की रंग ब्रशवरच वाळते. चौदा बैल झाले. एका पळपुट्या शिपायाले विनोदचा चेहरा दिला. टक्कल, भुवईवरचा व्रण. तीनदा पुसला, तीनदा केला. बरं वाटलं. पण पुरलं नाही.

२ ऑगस्ट
बसस्टँडवर सुनंदावहिनी, विनोदची बायको. त्याचे हात थरथरतात म्हणे, चहाचा कप धरवत नाही. "कोणाले सांगू नका, ताई."
नाही सांगत म्हटलं. घरी येऊन प्रदर्शनवाल्यांले पत्र लिहिलं. दोघांनीही लोकांसमोर एकेक सैनिक रंगवून दाखवावा. थरथरीचं लिहिलं नाही.

७ डिसेंबर, नागपूर
झालं.
माझे बैल एका टेबलावर, त्याचे (माझे) स्वार दुसऱ्यावर. प्रदर्शनवाल्यांनी रंगवून दाखवा म्हटल्यावर त्याले नाही म्हणता आलं नाही. ब्रश मीच त्याच्या हातात दिला. टोक घोड्याच्या डोळ्याभोवती फिरत राह्यलं, टेकलं नाही. मग माइक जवळ घेतला त्यानं. "मले जमत नाही. हे सारे सवितानं रंगवलेत."
वर्षभर हेच ऐकायचं होतं. वहिनी माझ्याकडं पाहत होत्या. मी स्वार डब्यात भरत राह्यली.

३१ डिसेंबर
वर्षाचा आढावा. बैल साठ, माणसं बावीस, त्यात एक विनोद. स्वार परत. आज मोजले तं एक्याऐंशी.
जास्तीचा माझा नाही. रंगाचे थर, डोळा गालावर ओघळलेला. फेटा मात्र माझ्या स्वारांसारखाच द्यायचा प्रयत्न. कधी केला असंल त्यानं?
दुपारी वहिनींचा फोन. ते रविवारी रिकाम्या टेबलापाशी बसून राह्यतात, येता का. शाळेचं काम आहे, म्हटलं.
राग गेला असं लिहायले बसली होती. गेला नाही. तो स्वार थिनरमध्ये बुडवून साफ करायचा, चांगला रंगवायचा, म्हणून वाटी भरली. तासभर झाला. वाटीही तिथंच, स्वारही अजून माझ्या हातात, कोरडाच.