तीन हंगाम कोरडी होडी

लामालेरा, एप्रिल अखेर

प्रिय दोमी,

नाताळात आलेलं तुझं पत्र अजून माझ्या उशाखाली आहे. दर वर्षी तू तेच लिहितोस, 'आई, बाबा माझ्यामुळे गेले.' या वेळी उत्तराला चार महिने लावले म्हणून रागवू नकोस. फोनवर हे मला बोलता आलं नसतं.

आधी गावाची खबर घे. ओदिलिया काकूचे गुडघे कामातून गेलेत, जीभ मात्र शाबूत आहे. परवा म्हणाली, "तुझा लेक देवमासे वाचवणार, मग डोंगरावरच्या बाजारात मक्याच्या बदल्यात आपण काय द्यायचं गं, त्याची भाषणं?" मलाही हसू आलं. आता मासा वाटताना मी तिच्याच शेजारी विधवांच्या वाट्यासाठी बसते. कुठल्याही होडीनं मासा आणला तरी आम्हाला विसरत नाहीत. तू देवमासे वाचवणाऱ्या संस्थेच्या लोकांना घेऊन आलास तेव्हा सभेत बाबा हेच तर ओरडून सांगत होते. ते खरं होतं. असे मासे आता फार उरले नाहीत असं तू म्हणालास, तेही खरंच असेल. मग तू पिशवी उचललीस आणि न जेवता बोटीला गेलास.

आपली होडी मात्र तीन हंगाम छपराखालीच पडून आहे. तिची शिवण उसवायला लागलीय, फळ्यांवर कोंबड्या बसतात. बाबांसारख्या भालेवाल्याच्या घरात भांडण असलं की समुद्र त्याला परत देत नाही, हे तुला मी काय सांगणार? भाल्याच्या दोरीत पाय अडकला आणि मासा बाबांना खाली घेऊन गेला, त्या संध्याकाळी पीतर आजोबा आणि चार वडीलधारे आपल्या ओसरीवर आले. "घरात काय बिनसलं होतं? खरं सांग, पोरी." मी मान खाली घातली. मग आजोबा स्वतःच म्हणाले, "लेकाशी वाजलं, ते न मिटवता तुझा बेन्यामिन भाला घेऊन होडीच्या नाळेवर उभा राहिला. दुसरं काय असणार!" बाबांचं शरीर सापडलं नाही म्हणून त्यांच्या जागी आपण शंख पुरला, तेव्हा तूही ते ऐकलंस आणि निघून गेलास. दोमीनं येऊन होडीला हात लावून माफी मागेपर्यंत ती पाण्यात जायची नाही, असं ठरलं.

पण सभेनंतर तू न जेवता गेलास त्याच्या दुसऱ्या सकाळीच बाबांचा राग उतरला होता रे. कॉफी पिता पिता म्हणाले, "पोरगं बोललं मात्र छान. माझ्यासारखंच हट्टी आहे. रविवारी जातो त्याच्याकडे." आणि माझाच भडका उडाला. "रविवारी कशाला? आज जा! त्याचं काय चुकलं? तीस वर्षं हे मांस डोक्यावर घेऊन डोंगर चढतेय मी, मला आता वास सोसत नाही." ते हळूच म्हणाले, "हंगाम चालू आहे, आवाज चढवू नकोस." मी म्हणाले, "जा तुमच्या माशाकडे. परत नाही आलात तरी चालेल." तेवढ्यात किनाऱ्यावरून 'बालेओ! बालेओ!' अशी मासा दिसल्याची हाक आली. ते दारात थांबले. मी एक बरा शब्द बोलावा म्हणून थांबले होते, ते मला कळत होतं. मी पातेलं घासत राहिले, वळले नाही.

परवा समुद्रात बुडालेल्यांसाठी चर्चची मिस्सा आहे. त्याआधी वडीलधारे होडीपाशी बसतील, तिथे मी हे सगळं सांगणार आहे. तुझ्यावर आळ जाऊ दिला, कारण तू लांब होतास आणि मला याच बायकांमध्ये दिवस काढायचे होते. आई असून असं केलं. आता त्या मला शेजारी बसू देतील की नाही, बघू. होडीचं काय करायचं ते गाव ठरवेल. पण गावाच्या आधी तुला कळायला हवं होतं, म्हणून हे पत्र आजच्याच बोटीनं पाठवतेय. तुला कुणाची माफी मागायची नाही, दोमी. मला माफ करता आलं तर ये. मका आणि शेवग्याचा पाला शिजवीन, मासा चुलीवर चढवणार नाही. आणि नाही आलास तरी एवढं लक्षात ठेव, त्या रविवारी बाबा तुझ्याकडे यायला निघणार होते.

तुझीच,
आई